हिरव्या खुणेवर विसंबू नका

पाइपलाइन धावली म्हणजे डेटा आला, हा आपल्या कंपन्यांचा सर्वात महागडा गैरसमज आहे.

रात्री अडीचला जॉब सुरू होतो. तीनला संपतो. स्क्रीनवर हिरवी खूण येते. टेबलात मात्र कालच्या तारखेची एकही ओळ नसते, कारण व्हेंडरनं रिकामी फाइल पाठवलेली असते. फाइल उचलून टेबलात टाकणं एवढंच जॉबचं काम. ते त्यानं केलं. फाइलमध्ये काही आहे का, हे तपासायला त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

सकाळी दहाला सेल्स हेडचा फोन. "काल पश्चिम विभागात एक रुपयाचीही विक्री नाही?"

बिघाड शोधला कुणी? ज्याच्यासाठी डॅशबोर्ड बांधला, त्यानं.

असं दोन-तीनदा झालं की तो माणूस डॅशबोर्ड उघडायचंच बंद करतो. हाताखालच्या माणसाकडून स्वतःची एक्सेल शीट बनवून घेतो. मग फायनान्सची वेगळी शीट, मार्केटिंगची तिसरी. मीटिंगचा पहिला अर्धा तास कुणाचा आकडा खरा यावर जातो. निर्णय राहतो बाजूला.

एवढा खर्च करून डेटा टीम उभी करायची आणि कंपनी चालवायची कुणाच्या तरी लॅपटॉपमधल्या शीटवर?

डेटा ऑब्झर्व्हेबिलिटी हे नाव जड आहे, काम जड नाही. डेटा वेळेवर आला का, नेहमीइतका आला का, कॉलम तेच आहेत का, आकडे नेहमीच्या पल्ल्यात आहेत का आणि हा डेटा कुठून निघून कुठल्या रिपोर्टपर्यंत पोहोचतो, यावर मशीननं चोवीस तास नजर ठेवायची. काही खटकलं तर माणसाला सांगायचं.

माणूस म्हणजे डेटा टीममधला. ग्राहक नव्हे आणि साहेब तर नव्हेच.

गावच्या दूध संकलन केंद्रावर हे रोज होतं. आधी फॅट आणि एसएनएफ बघतात, मग दूध मोठ्या टाकीत जातं. एक नासकं कॅन अख्खा टँकर घालवतं, हे तिथल्या पोरालाही माहीत असतं. आपल्या कंपन्या मात्र आधी सगळं टाकीत ओततात आणि ग्राहकानं तोंड वाकडं केलं की कॅन शोधायला निघतात.

आयटीवाल्यांना नजर ठेवणं नवं आहे का? मुळीच नाही. डिस्क भरली, मेमरी संपत आली, साइट मंदावली की मिनिटाभरात अलर्ट येतो. सर्व्हरच्या तब्येतीची इतकी काळजी आणि त्यातून वाहणाऱ्या आकड्यांची काहीच नाही! २०१९ मध्ये अमेरिकेत मॉन्टे कार्लो ही कंपनी निघाली ती नेमकी ही उणीव भरून काढायला. मग अशा टूल्सची रांगच लागली. ग्रेट एक्सपेक्टेशन्ससारखी मोफत, खुली टूल्सही आहेत.

म्हणजे बजेट नाही ही सबब पहिल्या दिवशीच बाद.

नजर नसली की काय होतं? आता साखरेचं बघा. मार्च २०१२ मध्ये, केंद्रीय अर्थसंकल्पाला चार दिवस उरले असताना, केंद्रीय सांख्यिकी कार्यालयानं जानेवारीच्या औद्योगिक उत्पादनाची वाढ जाहीर केली: ६.८ टक्के. महिन्याभरानं तोच आकडा दुरुस्त करावा लागला. दुरुस्त आकडा: १.१ टक्के.

कारण? जानेवारीतलं साखरेचं उत्पादन सुमारे ५८ लाख टनांऐवजी १३४ लाख टन धरलं गेलं होतं.

एका महिन्यात १३४ लाख टन! त्या अख्ख्या हंगामात देशात झाली सुमारे २६० लाख टन. म्हणजे निम्मा हंगाम एकट्या जानेवारीत आटोपला? कोल्हापूर-सांगलीकडच्या कुठल्याही कारखान्याच्या शेतकी खात्यात हा कागद नेला असता, तर चहा येईपर्यंत उत्तर मिळालं असतं: हे होणे नाही.

जे जाणत्या माणसाला एका नजरेत कळतं ते मशीनला शिकवता येतं. मागच्या पाच जानेवारींचं उत्पादन बघ. आकडा त्याच्या दुपटीवर गेला तर पुढे सोडू नकोस, माणसाला विचार. झालं. यात कृत्रिम बुद्धिमत्ता लागत नाही, गणितातली पदवी लागत नाही. लागतो तो एक नियम, आणि तो लिहायची बुद्धी.

ती गोष्ट जुनी झाली म्हणता? मग नोव्हेंबर २०२४ चं सोनं घ्या.

त्या महिन्यात सोन्याची आयात सुमारे १४.८ अब्ज डॉलर जाहीर झाली. विक्रम. त्यामुळे व्यापारी तुटीचाही विक्रम. अग्रलेख लिहून झाले, रुपयाची चिंता वाहून झाली. जानेवारी २०२५ मध्ये कळलं की त्यातलं जवळपास ५ अब्ज डॉलरचं सोनं देशात आलंच नव्हतं. विशेष आर्थिक क्षेत्रांची माहिती जुन्या यंत्रणेतून सीमाशुल्क खात्याच्या आइसगेटवर नेताना काही आयात दोनदा मोजली गेली होती.

एका यंत्रणेतून दुसरीत डेटा हलवला की नोंदी दुबार होतात, हे डेटा टीममध्ये कालच रुजू झालेल्या मुलीलाही ठाऊक असतं. एकाच व्यवहाराचा क्रमांक दोनदा आलाय का, हा प्रश्न एका ओळीचा आहे.

तो विचारायला दोन महिने का लागावेत?

सरकारी काम असंच, म्हणून खासगीवाल्यांनी हसू नये. गेम बनवणाऱ्यांना सॉफ्टवेअर पुरवणारी युनिटी ही अमेरिकन कंपनी. तिचं जाहिरातींचं एक टूल कुठल्या खेळाडूला कुठली जाहिरात दाखवायची ते ठरवतं. २०२२ च्या सुरुवातीला एका मोठ्या ग्राहकाकडून आलेला खराब डेटा त्या टूलच्या पोटात गेला. टूल बंद पडलं नाही. ते त्याच डेटावरून शिकत राहिलं आणि चुकत राहिलं. कंपनीनं स्वतःच सांगितलेला वर्षाचा फटका: सुमारे ११ कोटी डॉलर. ११ मे २०२२ रोजी शेअर एका दिवसात ३७ टक्के घसरला.

इतक्या पैशांत किती वर्षांची पाळत बसवता आली असती, याचा हिशोब वाचकानंच करावा.

निदान तिथे पैसे गेले ते भागधारकांचे. इक्विफॅक्सच्या बाबतीत भोगलं ते भलत्यांनीच. ही अमेरिकेतली क्रेडिट स्कोअर देणाऱ्या बड्या कंपन्यांपैकी एक. १७ मार्च ते ६ एप्रिल २०२२, असे तीन आठवडे तिच्या एका जुन्या सर्व्हरवरच्या कोडमधल्या चुकीमुळे काही लोकांचे स्कोअर चुकीचे जात होते. जवळपास ३ लाख लोकांचा स्कोअर २५ किंवा त्याहून जास्त गुणांनी बदलला, अशी कंपनीचीच कबुली.

आता त्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवा. हप्ते वेळेवर भरलेत, कार्डाचं बिल थकलेलं नाही, गाडीसाठी कर्ज मागायला गेलात आणि काउंटरवरचा माणूस म्हणतो, तुमचा स्कोअर कमी आहे. का कमी आहे, त्याला माहीत नाही. तुम्हाला तर नाहीच. चूक तिसऱ्याच शहरातल्या सर्व्हरवर आहे. दाद मागायची कुणाकडे?

म्हणून मला हा विषय निव्वळ इंजिनीअर लोकांचा वाटत नाही. टेबलातल्या प्रत्येक ओळीमागे कुणाचं तरी कर्ज, पगार, पेन्शन, औषध असतं. चुकीची ओळ ज्याच्या नावावर पडते त्याला ती दिसतही नाही.

ब्रिटनमध्ये तर गोष्ट जिवाशी आली. २०२० चा शरद ऋतू, कोविडची दुसरी लाट चढत होती. प्रयोगशाळांकडून आलेल्या फाइली तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत एक्सेलच्या जुन्या साच्यात ओतल्या जात. त्या जुन्या साच्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. जागा संपली, पुढच्या ओळी गळल्या. कुणी ओरडलं नाही, कुठलाही जॉब फेल झाला नाही. २५ सप्टेंबर ते २ ऑक्टोबर या काळातले १५,८४१ बाधित रोजच्या अधिकृत आकड्यांतून गायब. त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही रखडला. कधी? एकेक दिवस मोलाचा होता तेव्हा.

किती नोंदी निघाल्या आणि किती पोहोचल्या? दोन आकडे शेजारी ठेवायचे. बस्स.

या एकाही ठिकाणी यंत्रणा बंद पडली नव्हती, हे ध्यानात घ्या. बंद पडली असती तर बरं झालं असतं! बंद पडलेलं दिसतं. चालू असताना चुकणारं दिसत नाही. आणि डेटा टीमचा सगळा बंदोबस्त मात्र बंद पडण्याविरुद्ध.

आपल्याकडच्या डेटा टीमचं दुखणं आणखी वेगळं. हिंजवडी, खराडी, मगरपट्ट्यात बसलेली मुलं अमेरिकेतल्या कंपन्यांचे रिपोर्ट सांभाळतात. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसहा किंवा साडेसात झालेले असतात. तिकडचा साहेब रिपोर्ट उघडतो, आकडा खटकतो, आणि इकडे घरी निघालेली मुलगी बॅग खाली ठेवते.

मग सुरू होते शोधाशोध. रिपोर्ट कुठल्या टेबलावरून येतो? ते टेबल कुठल्या चार टेबलांवरून? त्यातलं एक ज्यानं लिहिलं तो दीड वर्षापूर्वी नोकरी सोडून गेला. कागदोपत्री काही नाही. रात्री अकराला कळतं की ग्राहकाच्या टीमनं सकाळीच एका कॉलमचं नाव बदललं होतं.

कॉलमचं एक नाव! सकाळी बदललं तेव्हाच अलर्ट आला असता तर दुपारी जेवणाआधी काम संपलं असतं.

डेटाचा प्रवास आखलेला असेल तर हाच शोध मिनिटांत होतो. या कॉलमवर कुठली टेबलं उभी आहेत, त्यांवर कुठले रिपोर्ट, ते कोण बघतं, सगळं समोर. मग साहेबाचा फोन यायच्या आत टीमचाच निरोप जातो: आजचा रिपोर्ट वापरू नका, चारपर्यंत दुरुस्त करतो. या एका निरोपानं जो विश्वास मिळतो तो दहा देखण्या डॅशबोर्डनी मिळत नाही.

मला विचाराल तर सगळ्या फायद्यांत हा मोठा. चूक होणारच. ती आधी कुणाला कळते, यावर टीमची पत ठरते.

काही चुका तर इतक्या शांत असतात की वर्षभर बसून राहतात. वेळेचंच घ्या. सर्व्हर चालतो यूटीसीवर, आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. कुणीतरी कोड बदलताना भारतीय वेळेचं रूपांतर काढून टाकतो. दिवसाची बेरीज फारशी हलत नाही, म्हणून कुणी बघत नाही. पण मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतची प्रत्येक ऑर्डर आदल्या दिवसाच्या खात्यात जाऊ लागते. १ एप्रिलच्या पहाटेची विक्री गेल्या आर्थिक वर्षात जमा!

ऑडिटरनं विचारलं तर काय सांगणार?

तासवार आलेख बघणारी यंत्रणा असती तर पहिल्याच दिवशी बोलली असती. रात्री आठची गर्दी अचानक दुपारी अडीचला दिसते आहे, हा काय प्रकार?

तसंच पैशांचं. काही पेमेंट गेटवे रक्कम रुपयांत न देता पैशांत देतात. ४९९ रुपयांची ऑर्डर ४९९०० म्हणून येते. भागिले शंभर करायचं एका ठिकाणी राहिलं की सरासरी ऑर्डर शंभर पटींनी वाढते. ही चूक निदान डोळ्यांत भरते. दहा टक्केच ऑर्डरी त्या गेटवेवरून येत असतील तर? सरासरी दहा-अकरा पट होते, मार्केटिंगवाले पेढे वाटतात आणि पुढच्या महिन्याचं टार्गेट त्याच हिशोबानं वाढतं. ते टार्गेट गाठायला उन्हात फिरणाऱ्या सेल्सच्या पोराला भागाकार राहिल्याचं कोण सांगणार?

आता टूल विकणाऱ्यांनाही दोन शब्द. अलर्टची संख्या म्हणजे सुरक्षितता नव्हे.

१ ऑगस्ट २०१२, अमेरिका. नाइट कॅपिटल या शेअर दलाली करणाऱ्या कंपनीनं नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढवला. आठव्यावर जुना, बाद झालेला कोड जागा झाला आणि ऑर्डरी सोडत सुटला. ४५ मिनिटांत नुकसान ४६ कोटी डॉलरच्या वर. आणि बाजार उघडण्याआधी कंपनीच्या यंत्रणेनं त्या बिघाडाचा उल्लेख असलेले ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. अमेरिकेच्या बाजार नियामकानं हे आपल्या आदेशात नोंदवलंय.

९७ ईमेल. दखल कुणीच घेतली नाही. ते ईमेल अलर्ट म्हणून कुणी बघावेत, अशी व्यवस्थाच नव्हती.

आपल्याकडे वेगळं काय आहे? टूल घेतलं, सगळ्या टेबलांवर सगळे नियम लावले, रोज तीनशे अलर्ट एका चॅनलवर. आठवड्याभरात टीममधल्या प्रत्येकानं ते चॅनल म्यूट केलेलं. दिवाळीत विक्री चौपट झाली की अलर्ट, दिवाळी संपून उतरली की अलर्ट. सणासुदीचा महिना आणि पितृपंधरवडा यांतला फरक ज्या नियमाला कळत नाही, तो नियम काढून टाकलेलाच बरा.

म्हणून सुरुवात दहा टेबलांपासून करा. ज्यांच्यावरून पैसे हलतात, पगार होतात, ग्राहकाला बिल जातं, अशी दहा. बाकीची नंतर. प्रत्येकावर तीन-चारच नियम: वेळेवर, पुरेसं, दुबार नाही, रिकामं नाही. आणि प्रत्येक टेबलाशेजारी एका जित्याजागत्या माणसाचं नाव.

'डेटा टीम' हे नाव नव्हे. ज्याचा फोन वाजतो ते नाव.

इथेच बहुतेक कंपन्या अडतात. टूलचे पैसे देतात, नाव देत नाहीत. विक्रीचं टेबल विक्री विभागाचं की डेटा टीमचं? फाइल चुकीची पाठवणारा व्हेंडर कुणाच्या अखत्यारीत? या प्रश्नांवर मीटिंगा होतात, मिनिट्स लिहिली जातात आणि खापर फुटतं ते रात्री जागणाऱ्या पोरांच्या डोक्यावर.

आणि आता तर सगळ्यांना एआय हवंय. कालपर्यंत रिपोर्ट धड येत नव्हता त्या टेबलावर आज चॅटबॉट बसवायचा आहे. आधी कळस मग पाया! २०२१ मध्ये गुगलच्या संशोधकांनी भारत, आफ्रिकेतले काही देश आणि अमेरिका इथल्या ५३ एआय तज्ज्ञांशी बोलून एक निबंध लिहिला. खराब डेटाची चूक पुढे पुढे झिरपत मोठी होत जाते, असा अनुभव त्यातल्या ९२ टक्क्यांना आलेला होता. मॉडेलचं काम सगळ्यांना हवं असतं, डेटाचं कुणाला नको असतं, हेही त्यांनी स्पष्ट मांडलं.

चुकलेला रिपोर्ट निदान कुणाला तरी खटकतो. चुकलेल्या डेटावरचा चॅटबॉट शुद्ध, नम्र भाषेत खोटं बोलतो, तेही थेट ग्राहकाशी.

डेटावर लक्ष ठेवणाऱ्याला कंपनीत कधी टाळ्या मिळत नाहीत. काही बिघडलं नाही, याचं बक्षीस कोण देतो? नवा डॅशबोर्ड बांधणाऱ्याचं नाव वार्षिक सभेत घेतलं जातं. चुकीचं बिल जाण्याआधी पहाटे चारला पाइपलाइन थांबवणाऱ्या मुलाचं नाव त्याच्या मॅनेजरलाही आठवत नाही. अप्रेझलच्या फॉर्ममध्ये त्यासाठी रकाना नाही. तो रकाना टाकणं साहेबांच्या हातात आहे, त्याला कुठलंही टूल लागत नाही.

तेव्हा साहेब, येत्या सोमवारच्या मीटिंगमध्ये वाढीचा आलेख पडद्यावर आला की टाळ्या वाजवण्याआधी तीन गोष्टी विचारा. हा डेटा शेवटचा कधी आला? नेहमीइतका आला का? चुकला असता तर आपल्याला कुणी, किती वाजता सांगितलं असतं? तिसऱ्या प्रश्नाला एका माणसाचं नाव आणि एक वेळ, असं उत्तर मिळालं नाही, तर त्या आलेखावर सही करू नका.